पलंग केडगावला, बोल्ट श्रीगोंद्याला

मंगळवार, ३ फेब्रुवारी. सकाळी साडेसहा. उरणजवळच्या गोदामाचं फाटक.

हजर: मी, टेम्पोचालक रफिकभाई, चव्वेचाळीस खोकी, दोन सायकली, गुंडाळलेल्या तीन गाद्या आणि दोन तुकड्यांत सोडवलेला एक पलंग. माझा नवरा मिलिंद हजर नव्हता. त्याला मी आदल्या दिवशीच एस.टी.नं नगरजवळच्या केडगावला, सासरच्या घरी, पुढे पाठवलं होतं, कारण तिथंही यादी वाचणारं कुणीतरी हवं होतं.

सतरा वर्षं नेदरलँड्समध्ये राहून आम्ही घर परत आणलं. बोटीचे आठवडे आणि कस्टमच्या रांगा यांबद्दल लिहीत नाही. रांगेत उभं राहण्यात वर्णन करण्यासारखं काही नसतं. पुढे कुणी असं सामान आणणार असेल तर दोन गोष्टी सांगते. पासपोर्टच्या प्रत्येक पानाची प्रत काढा, कोऱ्या पानांचीसुद्धा. आणि सामानाची यादी बांधाबांध करणाऱ्या लोकांवर न सोडता स्वतः करा. माझी यादी सात पानांची होती. कोणत्या खोक्यात काय, ते कुठल्या घरी जायचं आणि कुठल्या खोलीत उतरायचं, असे रकाने पाडलेले होते.

तपासणी करणाऱ्या साहेबांनी तीन खोकी उघडायला लावली आणि पलंगापाशी येऊन थांबले.

"हॉस्पिटल काढताय का?"

"सासूबाईंसाठी आहे," मी म्हटलं.

त्यांनी पलंगाखालची मोटार वाकून बघितली, बटणांची पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "हे पेशंटला स्वतःला दाबता येतं?" मी हो म्हटल्यावर एकही खोकं आणखी न उघडता त्यांनी सही केली.

पलंगाबद्दल आधी सांगायला हवं. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरल्या आणि मणक्याला मार लागला. हातांत बळ आहे, डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख आहे, पण कमरेखाली काही उरलं नाही. केडगावला त्यांना माझी जाऊ कविता सांभाळते. नगरहून भाड्यानं आणलेला हँडल फिरवायचा पलंग घरात होता. तो वर करायला दुसरं माणूस लागतं, म्हणून आई कुणाला हाक मारत नसत. कुणाला उठवायला लागू नये म्हणून त्या पाणी कमी पीत, हे कवितानं मला फोनवर सांगितलं तेव्हा परत यायचं आमचं पक्कं झालं. मी नेदरलँड्समध्ये एका वृद्धाश्रमाच्या भांडारात नोकरीला होते. तिथले जुने पलंग निघाले, त्यांतला चांगला मी निवडून घेतला. असे पलंग पुण्यातही मिळतात, हे मला चार जणांनी ऐकवलं आहे. मिळत असतील. पण हा मी अकरा वर्षं रोज चालताना बघितला होता.

उरण ते केडगाव

टेम्पोत पुढे बसून सव्वादोनशे किलोमीटर जायची कल्पना मिलिंदला पसंत नव्हती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सामान जिथं, तिथं मी.

रफिकभाई नगरचेच, माझ्याच वयाचे. निघण्यापूर्वी त्यांनी टेम्पोभोवती एक फेरी मारली आणि प्रत्येक दोरावर तळहात आपटला.

"हे कशासाठी?"

"दोर वाजला पायजे, ताई. ढब्ब वाजला तर ढिला. टण्ण वाजला तर निघा."

दोन दोर ढब्ब वाजले. ते त्यांनी पुन्हा आवळले. माझ्या यादीत दोरांचा रकाना नव्हता.

पुणं ओलांडेपर्यंतचा वेळ सोडून देते. पुढे वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव हा रस्ता रफिकभाईंना तोंडपाठ होता. मोबाईलवरचा नकाशा त्यांनी एकदाही उघडला नाही. कुठल्या हॉटेलासमोर गतिरोधक आहे, कुठला दिसत नाही पण आहे, सगळं त्यांना ठाऊक. प्रत्येकाआधी ते गाडी जवळजवळ थांबवत आणि चाकं एकेक करून वरून उतरवत. मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार करत होते. शिरूरच्या अलीकडे एका मोटारवाल्यानं काच खाली करून काहीतरी सुनावलं, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "पेशंटचा पलंग हाय मागं. तुमी जावा पुढं." मोटारवाल्यानं खरंच काच वर केली.

शिरूरला घोड नदीचा पूल संपला की आपला जिल्हा लागतो. रस्त्यावरच्या पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं, आणि रफिकभाई मात्र दर दहा मिनिटांनी "नगर आलंच" म्हणत होते. हवा कोरडी झाली, रान मोकळं झालं. ज्वारीची ताटं पिवळी पडू लागलेली, मधूनच उसाचा हिरवा पट्टा, आणि लांबवर बोडक्या टेकड्या. नेदरलँड्सच्या सपाट हिरवळीची डोळ्यांना इतकी सवय झाली होती, की टेकडी दिसल्यावर मी उगीचच सरसावून बसले.

सुप्याच्या अलीकडे जेवलो. हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी, कांदा आणि तळलेली मिरची. शेंगोळ्यांच्या रश्श्यात लसूण इतका सढळ होता की पुढचा तासभर बोलताना मी तोंड खिडकीकडे ठेवलं. नेदरलँड्समधले ट्रकवाले घरून आणलेले पावाचे थंड तुकडे एकटे बसून खातात, कुणाला विचारत नाहीत, आणि त्यात काही उणं आहे असंही कुणाला वाटत नाही. इथं शेजारच्या बाकावरच्या तिघांनी अनोळखी असून मला "या जेवायला" म्हटलं. त्यांतल्या एकानं माझ्या ताटात गुळाचा खडा ठेवला. नको म्हणायची सोय नव्हती.

केडगावला पावणेतीनला पोचलो. माझ्या कागदावर तीन लिहिलेले होते.

हमालांचे मुकादम बबनराव तीन माणसं घेऊन हजर होते. मी त्यांच्या हातात यादीची प्रत दिली. त्यांनी ती वाचली, दुसऱ्या बाजूनं बघितली आणि परत दिली.

"बाई, नंबर सगळे हायेत. वजन कुठं लिवलंय?"

वजन लिहिलेलं नव्हतं. सगळ्या खोक्यांवर आकडे होते आणि एकाही खोक्यावर किलो नव्हते. बबनरावांनी हसून मान हलवली आणि टेम्पोत चढून प्रत्येक खोकं पायानं किंचित ढकललं. सरकलं तर हलकं, नाही सरकलं तर दोघांचं. पाच मिनिटांत त्यांच्या डोक्यात माझ्यापेक्षा चांगली यादी तयार झाली.

पलंगाचे दोन तुकडे त्यांनी उभे धरून आत नेले. लोखंडी सांगाडा, त्याखाली मोटारी. एकेक तुकडा पन्नास किलोंच्या वर. "अंगानं घ्या, अंगानं," एवढंच बबनराव म्हणत होते. भिंतीचा रंगसुद्धा खरवडला नाही. नेदरलँड्समधल्या घरातून हाच पलंग काढताना खिडकीला यांत्रिक शिडी लावावी लागली होती आणि त्यासाठी पंधरा दिवस आधी वेळ ठरवावी लागली होती.

आता माझी चूक. भाड्याचा जुना पलंग मी त्याच दिवशी दुपारी दोन वाजता परत न्यायला सांगितलं होतं. नवा तीनला येणार, जुना दोनला जाणार, खोली मोकळी मिळणार. कागदावर फार सुबक दिसत होतं. जुना पलंग वेळेवर गेला होता. आई जमिनीवरच्या गादीवर पडून माझ्याकडे बघत होत्या.

"आलीस का? रस्त्यात जेवलीस?"

"जेवले. तासाभरात तुम्ही नव्या पलंगावर, आई."

"मला काय घाई न्हाई बाई. म्या काय कुठं निघालेय?"

मी मिलिंदला पलंग जोडायला बसवलं. कविताला टेम्पोबरोबर पुढे सावेडीला पाठवलं, कारण आमचा फ्लॅट तिथं आहे आणि हमालांना चहा द्यायला स्वयंपाकघर लागणार होतं. मी थोड्या वेळानं रिक्षानं मागून गेले.

सावेडी

तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शिरले तेव्हा केडगावची चार वगळून उरलेली चाळीस खोकी आपापल्या खोल्यांत रचलेली होती. जड खाली, हलकी वर, आकडे दर्शनी बाजूला. बबनरावांना मी ते सांगितलंच नव्हतं. "तुमी आकडे येवढ्या हौसेनं लिवलेत, ते भिंतीकडं कशाला करायचे," ते म्हणाले. शेजारच्या दोन घरांतून चहा आला होता, समोरच्या बाईंनी पाण्याची कळशी आणून ठेवली होती, आणि वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ सायकलींना हवा भरत होते. सतरा वर्षांपूर्वी तिथं गेलो तेव्हा शेजारच्या बाईंनी चौथ्या दिवशी पत्रपेटीत कार्ड टाकलं होतं. कार्ड सुंदर होतं. पण तहान पहिल्या दिवशी लागली होती.

कवितानं स्वयंपाकघर लावून टाकलं होतं. डब्यांची रांग उंचीप्रमाणे. मी तिची पाठ थोपटणार तोच मिलिंदचा फोन आला.

"सांगाडा जुळवून ठेवलाय. बोल्ट कुठे आहेत?"

"खोकं एकतीस, स्वयंपाकघर, मोठा स्टीलचा डबा. थांब, पाठवते."

पलंगाचे दोन भाग आठ जाड बोल्टांनी जोडले जातात. बांधाबांध करणारे असे बोल्ट पिशवीत घालून सांगाड्याला चिकटवतात, पिशवी फाटते आणि बोल्ट बोटीच्या पोटात राहतात. म्हणून मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडच्या सगळ्यांत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले होते. यादीत नीट नोंद होती.

रांगेत तो डबा नव्हता.

"कविता, मोठा डबा कुठाय? पितळी कडीचा?"

"तो व्हय? तो दिला ना मी छायाताईंना."

छायाताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, श्रीगोंद्याजवळच्या वाडीत राहतात.

"दिला म्हणजे?"

"वहिनी, त्याच्यावर नाव हाय त्यांचं. 'सौ. छाया'. त्यांच्या वाडीतले एक जण जीप घेऊन बाजाराला आले होते, खाली रस्त्यात भेटले, त्यांच्याकडं दिला लगेच. सोळा वर्षांनी डबा घरी चाललाय म्हणलं!"

आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी छायाताईंनी त्या डब्यातून चिवडा पाठवला होता. डबा परत करायचा राहिला. लग्नातल्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं, आणि नाव घातलेली वस्तू ज्याची त्याच्याकडे जायची, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. माझी सात पानी यादी तिथंच पडलेली होती. कवितानं ती बघितलीही नव्हती. डबे तिनं डब्यांवरून वाचले.

"अगं पण उघडून तरी बघायचा!"

"कसा बघणार? हातात घेतला तर चांगला जड. म्हणलं, वहिनी काय रिकामा डबा परत पाठवणारेत का, भरूनच आणला असनार. दुसऱ्याचा खाऊ मी उघडायचा व्हय?"

सोळा वर्षं ठेवून घेतलेला डबा मी रिकामा परत केला असता का? नसता केला.

छायाताईंचा फोन लागत नव्हता. वाडीत रेंज फक्त गच्चीवर येते. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघायचं ठरलं. त्या रात्रीचं काही लिहीत नाही. जमिनीवरून माणूस कुशीवर वळवायला पलंगापेक्षा दुप्पट वाकावं लागतं, आणि दर दोन तासांनी वळवावं लागतं. सकाळी कविता भिंतीला धरून चालत होती आणि आईंनी चहा अर्धाच घेतला.

"आई, पुरा घ्या ना."

"बास झाला. उगी तुमास्नी तरास."

श्रीगोंदा

बुधवार. धाकट्या दिराची मोटारसायकल घेऊन मी आणि मिलिंद सात वाजता निघालो. दौंड रस्त्यानं अरणगाव मागं पडलं की थंडी अंगाला झोंबते. मी शालीवर शाल घेतली होती. कोळगाव ओलांडल्यावर ऊस सुरू झाला. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता, आणि मळीचा गोडसर, थोडा आंबूस वास हवेत भरून राहिला होता. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन माणसं उंच ऊस रचलेला, आणि वर टेपरेकॉर्डर कसा बांधलेला असतो ते मला अजून कळलेलं नाही. एका फाट्यावर अशीच एक ट्रॉली वळणात अडकली आणि दोन्ही बाजूंची वाहनं थांबली. मी घड्याळ बघत होते. ट्रॅक्टरवाल्यानं ते पाहिलं, मागून एक ऊस उपसला आणि गुडघ्यावर मोडून आम्हाला दिला.

"घ्या मावशी. बघून घड्याळ पळत न्हाई."

वीस मिनिटं आम्ही रस्त्याच्या कडेला ऊस खात उभे होतो. नेदरलँड्समध्ये गाडी वीस मिनिटं उशिरा आली असती तर मी तक्रारीचा अर्ज भरला असता. इथं अर्ज द्यायचा कुणाकडे, आणि तोंडात ऊस असताना कसा?

छायाताईंच्या घरी पोचलो तर ओट्यावर चपला. आत पाच-सहा बायका बसलेल्या, परातीत गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी. आणि भिंतीतल्या फळीवर, बुद्धमूर्तीपुढे, फुलं वाहिलेला तो डबा.

"अगं बाई, सुजाता!" छायाताईंनी मला कवटाळलंच. "म्या म्हनलं डबा आला, मानसं कवा येत्यात? बायांनो, ही बघा माजी भावजय. हिनंच पाठीवलाय. आता हिच्याच हातानं उघडूया."

"ताई, जरा ऐका, त्या डब्यात—"

"मला म्हाईत हाय काय हाय ते. हे म्हनले चाकलेट हाय, खडखडतंय."

'हे' म्हणजे आमचे दाजी, छायाताईंचे यजमान, साखर कारखान्यात फिटर. ते कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हते. दुसरी पाळी संपवून मध्यरात्री आलेल्या माणसाला झोप आली असेल, असं मला वाटलं.

छायाताईंनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. बायका पुढे सरकल्या. मी झाकण काढलं, परदेशी वर्तमानपत्र उलगडलं, आणि लोखंडी बोल्ट परातीशेजारी सतरंजीवर ठेवले.

बायकांनी वाकून बोल्ट निरखले. मग एक म्हातारी बाई म्हणाली, "तिकडं ह्येच खात्यात का गं?"

त्यानंतर जे हसू फुटलं ते आवरेना. छायाताई तर पदर तोंडाला लावून लोळायच्या बाकी होत्या. मीही हसले, पण हसता हसता मोजलं. सहा होते.

"आठ हवेत," मी म्हटलं.

हसणं थांबलं. दाजींनी घसा खाकरला.

"दोन म्या घेतले."

"अवो, तुमी डबा कवा उघडला?" छायाताई कडाडल्या. "मी न उघडता फुलं वाहिली आन् तुमी चोरून उघडलासा?"

"पहाटं उघडला. चाकलेट बगायला गेलो तर आत बोल्ट. असलं एक नंबर बोल्ट, गंजायचं नाव न्हाई." ते मिलिंदकडे वळले. "मला वाटलं, मेव्हन्यानं माज्यासाठीच आनले. म्या फिटर हाय हे ह्याला ठावं हाय. दुसऱ्या कुनाला कोन बोल्ट पाठवील?"

सतरा वर्षांत आम्ही दाजींसाठी शर्ट आणले, अत्तरं आणली, एकदा घड्याळ आणलं. त्यांना आवडेल असं आम्ही पहिल्यांदाच आणलं होतं, आणि तेही त्यांच्यासाठी नव्हतं.

दोन्ही बोल्ट गोठ्यातल्या कडबाकुट्टीला लागलेले होते. महिनाभर खडखडणारं यंत्र त्या सकाळी पहिल्यांदा गप चाललं होतं. मी पलंगाचं सांगितलं. आई खाली गादीवर आहेत, हेही सांगितलं. दाजींनी पान्हा घेतला आणि बोल्ट काढले. एक जसाच्या तसा निघाला. दुसऱ्याचं टोक त्यांनी करवतीनं दोन बोटं कापलेलं होतं.

"लांब पडत हुता," ते हळूच म्हणाले.

"सातांवर भागेल का?" मिलिंदनं विचारलं.

"न्हाई," दाजी म्हणाले. "मानूस झोपनार हाय त्यावर. आठाची जागा हाय तर आठच लागतील."

मला हा माणूस त्या क्षणी फार आवडला.

आम्ही श्रीगोंद्यात त्यांच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. निघताना छायाताईंनी डबा काढून घेतला आणि बोल्ट कापडी पिशवीत बांधून दिले. पिशवीवर हुरड्याचं गाठोडं. लेथवाल्यानं शाबूत बोल्ट उजेडात धरला, आट्यांवर नखं फिरवली, मोजपट्टीचे दाते एकामागून एक लावून बघितले आणि म्हणाला, "आटे आपल्याकडचेच हाईत. चाळीस मिन्टं." मी घड्याळ लावलं. अडतीस मिनिटांत बोल्ट हातात आला, गरम आणि चकचकीत. मी दोन्ही बोल्ट शेजारी धरून कुठला कुठला ते ओळखायचा प्रयत्न केला. ओळखता येत होतं, कारण नव्याच्या कडा जास्त साफ होत्या.

दाजींनी कारखान्यात फोन करून पाळी बदलून घेतली आणि हत्यारांची पिशवी स्वतःच्या मोटारसायकलला अडकवली. "तुमी जोडाल, पन आवळाल का?" एवढंच ते म्हणाले.

केडगाव

दुपारी दोनला दाजी पलंगाखाली आडवे झाले. आठही बोल्ट त्यांनी आधी हातानं फिरवून बसवले, मग समोरासमोरचे जोडीनं आवळले. माझ्याकडे कंपनीचं जोडणीचं पुस्तक होतं. त्यात हाच क्रम दिलेला होता. त्यांनी पुस्तक बघितलं नव्हतं. प्लगचे दोन गोल पाय आपल्या सॉकेटात सैल बसत होते, तर तो कापून त्यांनी आपल्याकडचा तीन पायांचा बसवला आणि तार इन्व्हर्टरवर घेतली. मग स्वतः पलंगावर चढून बसले, आणि दोनदा उड्या मारल्या.

"हं. आना आत्यास्नी."

चादरीचे चार कोपरे चौघांनी धरून आईंना वर ठेवलं. मी बटणांची पट्टी त्यांच्या हातात दिली. चित्रं काढलेली आहेत. बाण वर, बाण खाली.

"हे दाबलं की डोक्याकडची बाजू उठते. सोडलं की थांबते."

"कोन उठवनार?"

"तुम्हीच."

"आन् पडले तर?"

"दाजींनी आठ बोल्ट लावलेत."

आईंनी अंगठा ठेवला आणि उचलला. पुन्हा ठेवला. मोटार घुमू लागली. त्या इतक्या सावकाश वर येत होत्या की आधी काही हललं असं वाटेचना. मग त्यांचं डोकं उशीसकट वर येताना दिसलं, मग खांदे, मग त्या बसल्याच. कुणी हात लावलेला नव्हता. कविता हात पुढे करून उभी होती, सवयीनं, आणि तिच्या हातांना काम नव्हतं.

आईंनी खोलीभर नजर फिरवली. दोन वर्षं त्यांनी छत आणि वाकलेली माणसं बघितली होती. दारातून स्वयंपाकघर दिसत होतं.

"कविता, ती भांड्याची मांडनी कवा हलवलीस गं?"

"दीड वर्ष झालं, आई."

"मला इचारलं न्हाईस."

"चुकलं."

"ऱ्हाऊ दे. तिथंच बरी दिसतीय." मग त्यांनी बटण दाबून स्वतःला थोडं खाली घेतलं, परत वर घेतलं, बरोबर हवं तिथं थांबवलं. "पानी दे. पेला नगं. तांब्या दे."

सबंध तांब्या त्या घुटक्याघुटक्यानं प्यायल्या. आम्ही सगळे बघत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

"काय बगताय? मानूस पानी पेताना बगितलं न्हाई का कदी?"

दाजी हत्यारं आवरायच्या निमित्तानं बाहेर गेले.

आता या गोष्टीला तीन आठवडे झाले. खोकी सगळी उघडली, रिकामी पुठ्ठ्यावाल्याला दिली, सात पानांवर फुल्या झाल्या. आई दिवसातून वीस वेळा वरखाली करतात. कविताची पाठ सुधारते आहे. पण पलंगाला चाकं आहेत, हे आईंना तिसऱ्या दिवशी कळलं आणि त्यांनी विचारलं, "मग वट्यावर न्या की मला."

दार दोन फळ्यांचं, चार फूट रुंद. ती रुंदी मी नेदरलँड्समध्ये असतानाच दिराकडून मोजून घेतली होती. उंबरठा किती उंच आहे ते विचारलं नव्हतं. तो चार बोटं आहे. हमालांनी सांगाडा इतक्या अलगद वरून नेला की मला तो दिसलाही नाही. चाकं त्यावरून जात नाहीत.

पहिल्या सोमवारी उंबरठा कापायला मिस्त्री आला. उंबरठ्यापाशी उकिडवा बसला, थापी टेकवली आणि म्हणाला, "घरात मोठं मानूस असताना उंबरा कापायचा म्हंजी... बरं दिसतं का?"

आतून पलंगाची मोटार वाजली. आई ताठ बसत्या झाल्या.

"आरं बाबा, ह्यो उंबरा म्याच घालून घेतलाय, पानी आत येतंय म्हनून. आता मला भायेर जायचंय. तू तुजं काम कर."

मिस्त्री खजील होऊन उठला. उंबरा दगडी आहे, त्याला वेगळं पातं लागतं, ते घेऊन येतो म्हणाला. दुसऱ्या सोमवारी तो सुप्याच्या कामावर होता. तिसऱ्या सोमवारी फोन उचलला नाही. उद्या मी स्वतः त्याच्या दारात जाऊन उभी राहणार आहे. आईंना मी तसं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "किती वाजता?"